चौकशीतली तिसरी खुर्ची

राज्य शिक्षक पुरस्कार मिळाला की शाल मिळते, गावात दोन-चार सत्कार होतात आणि वर्षभरात लोक विसरूनही जातात. पण त्या पुरस्काराच्या मागोमाग एक काम चालत येतं, ते व्यासपीठावर कुणी सांगत नाही. खासगी शाळेतल्या शिक्षकावर गंभीर आरोप झाला की त्याची चौकशी तीन जणांची समिती करते. एक संस्थेचा प्रतिनिधी. दुसरा, आरोप असलेल्या शिक्षकाने सुचवलेला कुठल्याही खासगी शाळेतला कर्मचारी. आणि तिसरा, राज्य किंवा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला शिक्षक. १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीतला हा छत्तिसावा नियम. मी पनवेलमधल्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवलं, तिथूनच निवृत्त झाले, आणि ह्या तिसऱ्या खुर्चीवर बऱ्याचदा बसले.

या खुर्चीला लोक त्रयस्थ समजतात. नियम नीट वाचला तर तिच्यावर कोण बसणार हे ठरवतो संस्थेचाच मुख्य कार्यकारी, म्हणजे बहुतेक ठिकाणी सचिव. यादी पुरस्कारवाल्यांची, पण बोट सचिवांचं. तीनपैकी दोन नावं संस्थेकडून येणार, निमंत्रक संस्थेचा आणि चौकशीही संस्थेनेच लावलेली. त्यामुळे आपण कुणाच्या बाजूने आलेलो नाही, हे तिसऱ्याला पहिल्याच बैठकीत दाखवून द्यावं लागतं. मी संस्थेचा चहा घेते, जेवण घेत नाही, आणि निष्कर्षावर सही होईपर्यंत सचिवांचा फोन उचलत नाही. चौकशीच्या दिवशीचा चहा, का कोण जाणे, नेहमीच्या शाळेच्या चहापेक्षा बरा असतो.

समितीपर्यंत प्रकरण पोचणं ही फार पुढची गोष्ट. तक्रार द्यायची कुणाकडे, इथेच पनवेलच्या पालकाची गाडी अडते, आणि त्यात त्याची चूक नाही. शाळा जिल्हा परिषदेची असेल तर केंद्रप्रमुख, मग पंचायत समितीतले गटशिक्षणाधिकारी, आणि शिस्तभंगाच्या कारवाईचा अधिकार अलिबागला, जिल्हा परिषदेत. तिथल्या शिक्षकांना १९६४ चे शिस्त व अपील नियम लागतात, आमचे १९८१ चे नव्हेत. शाळा खासगी अनुदानित असेल तर संस्था हीच मालक, आणि तिच्यावर लक्ष ठेवणारे शिक्षणाधिकारी पुन्हा अलिबागला. ठाकूर-कातकरी वाड्यांवरची मुलं ज्या शासकीय आश्रमशाळांत राहतात त्या आदिवासी विकास विभागाच्या, त्यांचं प्रकल्प कार्यालय पेणला. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महापालिका झाली, तेव्हा नगरपालिकेच्या शाळा तिच्याकडे आल्या. हद्दीतल्या जिल्हा परिषद शाळांचं हस्तांतर मात्र रेंगाळत राहिलं. शिवाय खारघर, कामोठे, नवीन पनवेल इथल्या सीबीएसईच्या शाळा, त्यांचा कारभारच निराळा. रोजंदारीवरच्या बापाला पेण-वडखळ करत अलिबाग गाठायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी गेली. अर्धे अर्ज तिथेच जिरतात, असं माझं मत.

शिक्षकाचं नेमकं काय चुकलं तर नोकरी जाते? नियम २८ मध्ये मुख्य कारणं चार दिली आहेत: गैरवर्तणूक, नैतिक अधःपतन, कर्तव्यात मुद्दाम आणि सतत केलेली हयगय, आणि अकार्यक्षमता. नैतिक अधःपतनात विद्यार्थी, विद्यार्थिनी किंवा सहकाऱ्याशी केलेलं असभ्य वर्तन येतं. हयगयीत न सांगता गैरहजर राहणं येतं. अकार्यक्षमतेत पुन्हा पुन्हा सूचना देऊनही आपलं ज्ञान अद्ययावत न ठेवणं आणि वेळेत अभ्यासक्रम न संपवणं येतं; हे शेवटचं कलम कुणी मनापासून लावलेलं मी पाहिलेलं नाही. यात २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याची भर पडली. त्याच्या कलम १७ ने मारणं आणि मानसिक छळ दोन्ही बंद केले, कलम २८ ने शिक्षकाला खासगी शिकवणी घ्यायला मनाई केली. ताकीद, ठपका, एक वर्षापर्यंत वेतनवाढ रोखणं, नुकसानीची वसुली या किरकोळ शिक्षा. पदावनती आणि सेवासमाप्ती या मोठ्या. मोठी शिक्षा द्यायची असेल तर समिती बसवल्याशिवाय गत्यंतर नाही.

पायऱ्या ठरलेल्या आहेत. आधी आरोपांचं निवेदन द्यायचं, शिक्षकाला खुलाशासाठी सात दिवस द्यायचे. खुलासा पटला नाही तर समिती नेमायची, दोषारोपपत्र द्यायचं, दोन्ही बाजूंचे साक्षीदार, उलटतपासणी. सगळं झाल्यावर कामकाजाचा गोषवारा शिक्षकाला रजिस्टर पोस्टाने पाठवायचा, आणखी सात दिवस द्यायचे, आणि मग निष्कर्ष. एकूण मुदत १२० दिवस, वाढवून घ्यायची तर शिक्षण उपसंचालकांची परवानगी लागते. निलंबित करायचं तर शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता आधी घ्यायची. निलंबनात पहिले चार महिने अर्ध्या पगाराइतका निर्वाह भत्ता.

वाचताना हे सोपं वाटतं. प्रत्यक्षात पहिली ठेच लागते ती दोषारोपपत्रावर. माझ्यासमोर आलेल्या एका कागदावर एकच आरोप होता: ‘आपण शिक्षकी पेशास न शोभणारे वर्तन वारंवार केले आहे.’ वारंवार म्हणजे कधी? न शोभणारं म्हणजे काय? समोरचे सर म्हणाले, ‘बाई, मी उत्तर कशाला देऊ?’ त्यांचं म्हणणं रास्त होतं. आरोप असा लिहावा लागतो की अमुक तारखेला, पाचव्या तासाला, आठवी ब च्या वर्गात, फळ्यासमोर उभं करून लाकडी पट्टीने उजव्या तळव्यावर मारलं. म्हणजे मग शिक्षकाला सांगता येतं की त्या दिवशी मी रजेवर होतो, आणि मस्टर उघडून खरं-खोटं पाच मिनिटांत कळतं. मोघम आरोप निर्दोष माणसाला बचाव करू देत नाही, आणि दोषी माणसाला पुढे कोर्टात अलगद सोडवतो. संस्थाचालकांना हे पटवायला मला दरवेळी घसा कोरडा करावा लागतो. त्यांना वाटतं, नेमकं लिहिलं तर शाळेची बदनामी होईल.

नियमाकडे काणाडोळा केला की काय होतं, हे मराठवाड्यातल्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टापर्यंत गेलेलं आहे. दीपाली गुंडू सुरवसे विरुद्ध क्रांती ज्युनियर अध्यापक महाविद्यालय हे त्याचं नाव. सेवाविषयक खटले चालवणाऱ्या वकिलांना ते तोंडपाठ असतं. औरंगाबादच्या एका प्राथमिक शाळेतली ही शिक्षिका. व्यवस्थापनाचं एक फर्मान तिने मानलं नाही, म्हणून तिला पंचवीस मेमो दिले गेले. नोव्हेंबर २००६ मध्ये निलंबन झालं. शिक्षणाधिकाऱ्यांनी निलंबनाला मान्यता दिली नाही, तरी चौकशी लावली. समितीसाठी तिने सुचवलेल्या सदस्याला तिथे भागच घेऊ दिला नाही. एकतर्फी चौकशी होऊन जून २००७ मध्ये तिची नोकरी गेली. शाळा न्यायाधिकरणाने २००९ मध्ये तो आदेश रद्द केला, मागचा पूर्ण पगार द्यायला सांगितलं. हायकोर्टाने मागचा पगार काढून घेतला, आणि १२ ऑगस्ट २०१३ रोजी सुप्रीम कोर्टाने तो परत दिला. चुकीच्या पद्धतीने काढलेल्या माणसाने ‘मी दरम्यान कुठे कमावत नव्हतो’ एवढं सांगितलं की उलट सिद्ध करणं मालकाकडे येतं, हा त्यातला धडा.

तिथे शिक्षिकेवर अन्याय झाला होता आणि न्यायालयाने तो दूर केला. पण हीच वाट खरोखर दोषी असलेल्या शिक्षकालाही मोकळी असते, हे पालकांच्या ध्यानात येत नाही. संस्थेने घाई केली, समिती धड बनवली नाही, गोषवारा पाठवला नाही, की शिक्षक तीस दिवसांच्या आत न्यायाधिकरणात जातो. आमच्या भागासाठी ते नवी मुंबईला आहे. तिथे चर्चा होते ती कागदांची. मुलाच्या तळव्यावरचा वळ तोवर केव्हाच गेलेला असतो. सर पुन्हा रुजू होतात, थकलेल्या पगारासह, कधीकधी त्याच वर्गावर. ‘बाई, एवढे सोपस्कार कशाला?’ असं विचारणाऱ्या संस्थाचालकांना मी म्हणते, पुढे तक्रार टिकायला हवी असेल तर हे सोपस्कार मुलासाठीच करायचे आहेत.

सगळ्यात अवघड भाग मुलाच्या साक्षीचा. संस्थेच्या सभागृहात लांबलचक टेबल, भिंतीवर संस्थापकांच्या हार घातलेल्या तसबिरी, पाच-सहा मोठी माणसं, आणि समोर तेच सर, ज्यांच्याबद्दल बोलायचं आहे. सातवीतलं पोर तिथे काय बोलणार? पॉक्सो कायद्याखालच्या विशेष न्यायालयात मुलाला प्रश्न न्यायाधीशांमार्फत जातात, आरोपी त्याच्या नजरेसमोर येणार नाही अशी सोय करावी लागते. आमच्या १९८१ च्या नियमावलीत मुलासाठी असं एकही वाक्य नाही. ती लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर शिक्षक होता आणि संस्था होती. मूल साक्षीदार म्हणून येईल, हे त्यांच्या मनात आलेलं दिसत नाही. उलटतपासणीचा हक्क शिक्षकाचा आहे, तो काढून घेता येत नाही. पण प्रश्न कुणाच्या तोंडून विचारला जावा, हे नियम सांगत नाही. म्हणून मी साक्ष शाळेच्या प्रयोगशाळेत घ्यायला लावते, आईला शेजारी बसवते, मुलाची पाठ सरांकडे राहील अशी खुर्ची ठेवते, आणि सरांचे प्रश्न चिठ्ठीवर घेऊन स्वतः विचारते.

एका मुलाने मला सांगितलं, ‘सरांनी मारलं नाही हो. फक्त पट्टी तुटली.’

‘पट्टी कशी तुटली?’

‘हातावर.’

तो सरांना वाचवत होता. मुलांना शिक्षक आवडतात, मारणारेसुद्धा, आणि त्यांच्या भाषेत मार म्हणजे रक्त येईल तेवढाच. त्यामुळे ‘मारलं का?’ असा प्रश्न मी आता विचारतच नाही. ‘त्या तासाला काय झालं, सांग’ म्हणते आणि गप्प बसते. खात्यांतर्गत चौकशीत फौजदारी खटल्यासारखा निर्विवाद पुरावा लागत नाही. घडलं असण्याची शक्यता न घडल्यापेक्षा जास्त आहे का, एवढं समितीने बघायचं असतं. तुटलेली पट्टी, त्या तारखेला वहीत अर्धवट सुटलेलं वाक्य, शेजारच्या वर्गातल्या बाईंनी ऐकलेला आवाज, या तिन्हींचा मेळ बसला तर पुरे.

केंद्र सरकारच्या नवोदय विद्यालयांत वेगळी सोय आहे. विद्यार्थिनीशी अनैतिक वर्तनाचं प्रकरण असेल आणि उघड चौकशीने मुलीची अवहेलना होणार असेल, तर थोडक्यात चौकशी करून शिक्षकाला काढता येतं. अविनाश नाग्रा खटल्यात सुप्रीम कोर्टाने नव्वदच्या दशकात त्यावर शिक्कामोर्तब केलं. आपल्या खासगी शाळांना तशी मुभा नाही. ती द्यावी का? माझं मन होय म्हणत नाही. ज्या संस्थेत एका नकारावर पंचवीस मेमो देता येतात, तिच्या हातात चौकशी टाळण्याचं हत्यार देणं मला धोक्याचं वाटतं. मुलाची साक्ष घेण्याची पद्धत नियमात घाला, एवढं मात्र ठाम म्हणेन.

आता एक गोष्ट, जिथे पोलिसांच्या आधी समितीने मुळी हातच घालायचा नाही. प्रकरण लैंगिक अत्याचाराचं असेल तर ‘आधी आम्ही चौकशी करतो, मग पोलिसांत जाऊ’ हे वाक्यच बेकायदा आहे. पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवायचं. कळवलं नाही तर कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि संस्थेचा प्रमुख असेल तर एक वर्षापर्यंत. राजुऱ्यातल्या एका शाळेच्या वसतिगृहातल्या मुलींच्या प्रकरणात, माहिती असून कळवलं नाही असा आरोप असलेल्या डॉक्टरांवरचा गुन्हा हायकोर्टाने रद्द केला होता. २ नोव्हेंबर २०२२ रोजी सुप्रीम कोर्टाने तो पुन्हा उभा केला. आणि बदलापूर तर आपल्याला डोंगरापलीकडे. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथल्या शाळेत चार वर्षांच्या दोन मुलींवर अत्याचार झाले, गुन्हा नोंदवायला कित्येक तास लागले, २० तारखेला लोक रुळांवर उतरले. आरोपी शिक्षक नव्हता, सफाई कामगार होता, पण न कळवल्याचा ठपका शाळेच्या वरिष्ठांवर आला. त्यानंतर पनवेलच्या शाळांत कॅमेरे लागले. मुलांच्या सुरक्षिततेसाठीच्या सखी सावित्री समित्यांचा शासन निर्णय मार्च २०२२ चाच होता. त्याचे फलक मला भिंतींवर दिसू लागले ते बदलापूरनंतर.

फौजदारी खटला आणि संस्थेची चौकशी या दोन वेगळ्या वाटा आहेत. एकीचा निकाल दुसरीला आपोआप बांधत नाही, आणि न्यायालयात सुटलेला शिक्षक संस्थेच्या चौकशीत दोषी ठरू शकतो. बाळांचं पाळणाघर किंवा खासगी बालवाडी असेल तर ही दुसरी वाटच नाही. खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला आयाने मारल्याचं चित्रण नोव्हेंबर २०१६ मध्ये देशभर पाहिलं गेलं. तिथे पोलीस होते, सेवाशर्ती नव्हत्या.

सगळ्या तक्रारी खऱ्या असतात असंही नाही. मुख्याध्यापकाचं पद दोन वर्षांत रिकामं होणार असेल तर त्या शाळेत तक्रारींना पालवी फुटते. ज्येष्ठता यादीत वरच्या क्रमांकावर असलेल्या बाईंविरुद्ध एकाएकी ‘त्रस्त पालकांची’ निनावी पत्रं येतात, आणि त्यांत संचमान्यता, वैयक्तिक मान्यता असे शब्द असतात, जे कुठल्याच पालकाच्या तोंडी नसतात. अशी पत्रं शिक्षकांच्या खोलीत जन्मतात. एका चौकशीत मी पालक म्हणून सही केलेल्या गृहस्थांना मुलाची इयत्ता विचारली, तर ते छताकडे बघू लागले. त्या बाई निर्दोष सुटल्या, पण तोवर त्यांनी सहा महिने गावात मान खाली घालून काढले होते. आरोपाखालच्या शिक्षकाचं नाव चौकशी संपेपर्यंत पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका, हे मी म्हणते ते एवढ्यासाठी. शिवाय तिथे मुलाचीही ओळख फुटते.

मात्र मला जास्त झोंबतो तो दुसरा प्रकार. आठवीतल्या मुलीला रात्री अकराला संदेश पाठवणारे एक सर. आई-वडील मोबाइल घेऊन संस्थेत आले. संस्थेने सरांना बोलावलं, संध्याकाळपर्यंत राजीनामा घेतला, पालकांना सांगितलं, ‘मुलीचं नाव होईल, आता विषय संपवा.’ समिती नाही, पोलीस नाही, कागदावर फक्त ‘वैयक्तिक कारणास्तव’. अनुभवाचा दाखला चांगला मिळाला. पुढे ते सर दुसऱ्या गावात शिकवत असल्याचं कानावर आलं. नव्या संस्थेला काही कळायला मार्गच नव्हता. डॉक्टरची नोंदणी वैद्यकीय परिषद काढून घेऊ शकते, वकिलाची सनद बार कौन्सिल. शिक्षकाला आपल्याकडे अशी सनदच नाही, तर काढून काय घेणार? इंग्लंडमध्ये गंभीर गैरवर्तन करणाऱ्या शिक्षकावर शिकवण्याचीच बंदी येते, निर्णय नावासकट प्रसिद्ध होतो, आणि चौकशी टाळायला राजीनामा दिला तरी ते प्रकरण नियामक संस्थेकडे पाठवायचं का, याचा विचार शाळेला करावाच लागतो. तिथलं सगळं आपण आणावं असं नाही. पण राजीनामा देऊन चौकशी बुडवता येणार नाही आणि दोषी ठरलेल्याची नोंद राज्यभरातल्या शाळांना पाहता येईल, एवढं करायला फार पैसे लागत नाहीत. पगारासाठी प्रत्येक अनुदानित शिक्षकाची शालार्थ प्रणालीत नोंद आहेच. तिच्यात एक रकाना वाढवायचा.

आणखी एक तिढा आहे. संस्थेने दोषी ठरवलं तर शिक्षकाला न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. संस्थेने त्याला निर्दोष सोडलं, किंवा चौकशीच लावली नाही, तर पालकाला खासगी शाळांच्या सेवाशर्तींच्या १९७७ च्या कायद्यात अपील नाही. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलासाठी शिक्षणहक्क कायद्याच्या कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते, तिचा निर्णय तीन महिन्यांत व्हायला हवा, आणि त्यावर राज्य बालहक्क आयोगाकडे जाता येतं. हा रस्ता फार थोड्यांना माहीत आहे; तो वापरा. मूल संकटात असेल तर १०९८ फिरवा. मुलाकडून तीच हकिगत दहा जणांसमोर वदवून घेऊ नका. एकदा ऐका, त्याच दिवशी त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा, तारीख आणि तास घाला, वही किंवा संदेश जपून ठेवा. अर्ज तुमच्या सहीचा असू द्या. आणि त्याच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय त्या कार्यालयातून बाहेर पडू नका.